जरा काम होतं

भवानीनगरच्या परिसरात, म्हणजे बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या शिवेवरच्या त्या ऊसपट्ट्यात, कुणीही कधीही नुसतं फिरायला जात नाही. सकाळी इस्त्रीची पांढरी कापडं घालून एसटीच्या थांब्यावर उभ्या असलेल्या कुठल्याही अण्णांना विचारा, "कुठं निघालात?" उत्तर ठरलेलं: "जरा काम होतं बारामतीला." काम काय, हे सांगायची पद्धत नाही आणि विचारायची तर त्याहून नाही. संध्याकाळी अण्णा परत येतात. काम झालेलं नसतं. साहेब मीटिंगला गेलेले असतात, नाहीतर सर्व्हर बंद असतो, नाहीतर उताऱ्याची एक झेरॉक्स कमी पडलेली असते. पण चेहरा सकाळपेक्षा टवटवीत असतो. कारण मधल्या सात-आठ तासांत तीन चहा, एक मिसळ, शाळेतले दोन सोबती, बाजारातलं एक परकं भांडण आणि त्या भांडणात स्वतः केलेली मध्यस्थी, इतका ऐवज गाठीला लागलेला असतो. या दिवसाला कुणी सहल म्हटलं तर अण्णा रागावतील. सहलीला रिकामटेकडे जातात. कामाचा माणूस कामाला जातो, आणि काम झालं नाही म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा जातो.

तिकडे पाश्चात्त्य जगाने हीच गोष्ट बरीच वर्षं अभ्यास करून अलीकडे शोधून काढली आहे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत एकाकी, खचलेल्या रुग्णाला गोळ्यांच्या जोडीने गाण्याचा गट, बागकाम, चित्रकलेचा वर्ग किंवा चारचौघांबरोबर चालणं सुचवतात, आणि त्यासाठी माणसं नेमायचं धोरण २०१९ मध्ये जाहीर झालं. कॅनडात माँट्रिअलच्या डॉक्टरांनी २०१८ पासून तिथल्या कलासंग्रहालयात फुकट जाण्याची चिठ्ठी रुग्णांना द्यायला सुरुवात केली. जपानच्या वनखात्याने १९८२ सालीच जंगलात नुसतं रमतगमत हिंडण्याला एक छानसं नाव देऊन ते राष्ट्रीय आरोग्याच्या खात्यात जमा केलं. हे सगळं उत्तम आहे. फक्त ते जसंच्या तसं आपल्याकडे उतरवलं तर काय होईल याची कल्पना करून पाहावी. आपल्याकडच्या डॉक्टरने चिठ्ठीवर "आठवड्यातून दोनदा चित्रं पाहणे" असं लिहिलं, तर पेशंट दारात थांबून विचारील, "आणि इंजेक्शन?" आणि एखादा गृहस्थ झाडाखाली काहीही न करता, खोल श्वास घेत अर्धा तास उभा राहिला, तर वाटेवरची दहा माणसं थांबून चौकशी करतील की शेळी हरवली का म्हणून. अकरावा माणूस घरी फोन करील.

यावरून आपल्या लोकांना कलेची, निसर्गाची किंवा चार माणसांत मिसळण्याची आवड नाही, असा निष्कर्ष शहरातले काही विद्वान काढतात. तो साफ चुकीचा आहे. आवड भरपूर आहे, निमित्त लागतं. माझं म्हणणं याच्याही पुढचं आहे. हे निमित्त म्हणजे औषधाच्या बाटलीला गुंडाळलेला कागद असावा तसं आपण समजतो, आणि कागद फेकून औषध तेवढं घ्यावं असं सुधारकांना वाटतं. प्रत्यक्षात गुण कागदात आहे. ज्या करमणुकीला कर्तव्याचं निमित्त आहे तिथे सगळं गाव जातं. जिथे ते नाही तिथे फक्त ज्यांना मुळात गरज नव्हती ते जातात.

पहिला पुरावा खुद्द भवानीनगरच्या रस्त्यावरून दरवर्षी चालत येतो. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून काटेवाडी, भवानीनगर करत सणसरला येते आणि दुसऱ्या दिवशी बेलवाडीत या वाटेवरचं पहिलं गोल रिंगण होतं. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली हा पालखी सोहळा सुरू केला असं मानतात, म्हणजे या गावांना इतक्या वर्षांचा आतिथ्याचा सराव आहे. आता या दोन दिवसांत कलेचे आणि आरोग्याचे किती कार्यक्रम बसवलेत ते बघा. काटेवाडीत परीट समाज पालखीखाली धोतरांच्या पायघड्या घालतो, आणि धनगर आपली मेंढरं पालखीभोवती पळवतात. मेंढरांचं रिंगण पाहायला लांबून माणसं येतात. मेंढरांना रोग होत नाही अशी श्रद्धा आहे, आणि पाहणाऱ्यांचं काय होतं याची कुणी नोंद ठेवत नसलं तरी त्यांच्या तोंडाकडे पाहून अंदाज येतो. बेलवाडीच्या रिंगणात पताकावाले धावतात, वीणेकरी धावतात, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया धावतात आणि मग अश्व सुटतात. ज्या मावशींना डॉक्टरांनी जिना चढायची मनाई केलेली असते त्या इथे वृंदावन सावरत एक अख्खा फेरा पुरा करतात, आणि नंतर फुगडी घालतात. ज्या मामांनी शेजारच्या बांधाचा निकाल लागेपर्यंत अमक्याच्या दारात पाय ठेवणार नाही अशी शपथ घेतलेली असते, ते त्याच अमक्याच्या मांडवात वारकऱ्यांना वाढायला उभे असतात, आणि पिठल्याची बादली दोघांच्या हातांतून फिरते. बोलणं होत नाही. "इकडं सरका" एवढंच. पण कोर्टात वकील लावूनही इतका संवाद झालेला नसतो. हा सगळा कार्यक्रम कुणी 'सामुदायिक स्वास्थ्य मेळावा' या नावाने भरवला असता, तर मंडपात संयोजक, त्यांचे मेहुणे आणि ध्वनिक्षेपकवाला एवढेच दिसले असते.

वारीला एकदम पुरावा म्हणून उभं करणं सोपं आहे, असं कुणी म्हणेल. ती एकमेव आहे, तिच्यावरून बाकीच्यांचा हिशोब कसा मांडायचा? म्हणून जरा खालच्या पायरीवर येऊ. साखर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा घ्या. कुठल्याही एका कारखान्याची नव्हे. महाराष्ट्रातल्या सहकारी कारखान्यांच्या सभा एकाच संहितेवरून बसवलेल्या असतात. अहवालाचं पुस्तक आधी घरी येतं. ते कुणी वाचत नाही, पण बगलेत मारून न्यावं लागतं, कारण त्याशिवाय सभासद सभासद दिसत नाही. विषय क्रमांक १, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, हे वाचून व्हायच्या आत पुढच्या रांगांतून "मंजूर! मंजूर!" असा घोष उठतो, मागून तितक्याच जोराने "नामंजूर!" येतं, कुणीतरी माईककडे धावतो, कुणीतरी माईक बंद करतो, आणि मग एक सत्तरीचे सभासद उभे राहून काटा, उतारा, उपपदार्थ आणि मागच्या हंगामाचा दर यांवर असं भाषण करतात की व्यावसायिक नटाने पाय धरावेत. यात अभिनय आहे, प्रेक्षकांचा सहभाग आहे, शेवटी अल्पोपाहार आहे. वर्षभर ऊस, पाणी आणि हप्ता यांच्यात चेपलेला माणूस वर्षातून एकदा भर सभेत मोठ्याने ओरडतो आणि हलका होऊन घरी येतो. पण त्याला "नाटक बघायला गेला होतात का?" असं विचारून पाहा. बॉयलरचं अग्निप्रदीपन, गव्हाणीत मोळी टाकायचा समारंभ यांचंही तेच. यंत्राला आमंत्रणपत्रिकेची गरज नसते; माणसांना असते.

गावची जत्रा तर निमित्तांची पेढीच आहे. देवासाठी वर्गणी, वर्गणीसाठी कमिटी, कमिटीसाठी बैठका, बैठकांसाठी चहा. म्हणजे जत्रा दोन दिवसांची आणि मिसळणं दोन महिन्यांचं. माहेरवाशिणी येतात, जावई येतात, शेरण्या वाटल्या जातात, रात्री छबिना निघतो, सकाळी हलगीवर कुस्त्या लागतात आणि रेवडीच्या कुस्तीपासून शेवटच्या कुस्तीपर्यंत माणूस उन्हात बसून राहतो. तमाशाही देवाच्याच नावावर येतो. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या पडतात; गावोगावचे पंच तिथे सुपारी द्यायला जातात, आणि ही खरेदी इतक्या गंभीर चेहऱ्याने चालते की बघणाऱ्याला वाटावं बी-बियाण्यांचा व्यवहार सुरू आहे. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींचा सन्मान मिळाला, पण त्यांच्या कलेला वर्षानुवर्षं जगवलं ते याच गंभीर चेहऱ्याच्या पंचांनी. सप्ताहाचं तर विचारू नये. पहाटेचा काकडा, दुपारचं पारायण, रात्रीचं कीर्तन आणि अखंड वीणेचा पहारा. पहाऱ्याच्या पाळ्या लावलेल्या असतात, त्यामुळे एकाकी माणसाला हक्काने मध्यरात्री घराबाहेर काढून जागं ठेवायची जी सोय इथे आहे, ती कुठल्याही शहरी समुपदेशन केंद्रात नाही. आणि कीर्तनात बुवा जेव्हा व्यसनी नवऱ्याची नक्कल करतात तेव्हा तो नवराच सगळ्यांत मोठ्याने हसतो, शेजारच्या आळीतल्या माणसाकडे बघत.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो भाविकांचा आहे. तुम्ही भक्तीला करमणूक ठरवताय, असं ते म्हणतील. मी उलट करतोय. भक्तीत करमणूक मिसळल्याने भक्ती पातळ होते, हा विचारच आपल्या संतांना कधी पटलेला दिसत नाही. नाहीतर एकनाथांनी भारुडं कशाला लिहिली असती? बारामतीचंच उदाहरण हवं असेल तर मोरोपंत आहेत. १७२९ ते १७९४ या आपल्या आयुष्यातला मोठा काळ पंत बारामतीत बाबूजी नाइकांच्या आश्रयाने राहिले आणि त्यांनी १०८ रामायणं रचली असं सांगतात. एकात ओठांनी उच्चारायची अक्षरंच येऊ द्यायची नाहीत, दुसऱ्यात आणखी काही कसरत. रामाची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. नव्या रामायणाची रामाला तरी गरज नव्हती. पण आर्येची गंमत करायला पंतांना निमित्त हवं होतं, आणि रामाइतकं भक्कम निमित्त दुसरं कुठलं? एवढ्यावरून पंतांची भक्ती लटकी होती असं म्हणायला कुणी धजावणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक चिवट आहे, कारण तो आकड्यांचा आहे. जत्रा-कीर्तनांनी माणसं खरंच बरी राहतात कशावरून? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या डेझी फॅनकोर्ट आणि अँड्र्यू स्टेप्टो यांनी इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या ६,७१० माणसांचा चौदा वर्षांपर्यंत मागोवा घेतला आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापले. नाटक, संगीत, संग्रहालयं यांना वर्षातून एकदोनदा जाणाऱ्यांत त्या काळात मरण्याची जोखीम, कधीच न जाणाऱ्यांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी दिसली. दर काही महिन्यांनी जाणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. यावर आपल्याकडचा कुठलाही पारावरचा म्हातारा जी शंका काढील तीच शास्त्रज्ञांनीही काढली: ज्याचे गुडघे धड तोच जत्रेला जातो, तेव्हा जत्रेने गुडघे टिकले की गुडघ्यांनी जत्रा? पैसा, आधीचं आरोग्य, चालण्याफिरण्याची ताकद यांचा हिशोब वजा करूनही फरक उरला, असं त्यांचं म्हणणं. मात्र अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हेही तेच सांगतात. माझ्या दृष्टीने त्या पाहणीतली बोलकी गोष्ट वेगळीच आहे. तिथे जायचं की नाही हे ज्याच्यात्याच्यावर सोडलेलं होतं, आणि म्हणून पैसेवाले, शिकलेले, आधीच धडधाकट असलेले लोक जास्त जात होते. आपल्याकडच्या जत्रेत "मला आवड नाही" असं म्हणायची सोयच नाही. गुडघे गेलेल्या आजोबांना नातू मोटरसायकलवर मध्ये बसवून आणतो, कारण आजोबा दिसले नाहीत तर चार माणसं विचारतील. ही लोकलाज फार बदनाम झालेली बाई आहे, पण तिने घराबाहेर काढलेल्या माणसांची मोजदाद केली तर तिला आरोग्यखात्यात नोकरी द्यावी लागेल.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र विनोद करून सुटता येत नाही. 'सगळं गाव' म्हणजे नक्की कोण? तमाशाच्या कनातीत बाया नसतात. जत्रेच्या दिवशी त्या चुलीपुढे पाहुण्यांच्या मटणाला फोडणी देत असतात, आणि पुरुषांचं स्वास्थ्य जितकं सुधारतं तितकी भांडी त्यांच्या वाट्याला येतात. त्यांची निमित्तं निराळी आणि तुटपुंजी: पंचमीचा झोका, हळदीकुंकू, कुणाच्या मयताला भेटायला जाणं. यातलं शेवटचं हसण्यावारी नेऊ नये. कितीतरी बायांना माहेरच्या मैत्रिणी भेटतात त्या दहाव्याला, आणि डोळे पुसून झाल्यावर नदीच्या घाटावर ज्या गप्पा होतात त्या वर्षभर पुरतात. या बाबतीत गेल्या काही वर्षांत सगळ्यांत मोठं सांस्कृतिक काम कुणी केलं असेल तर ते एसटीच्या तिकिटाने. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्याआधी २०२२ मध्ये पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत झाला. झालं! जिला "काय काम आहे तिकडं?" या प्रश्नाला आजवर उत्तर नव्हतं, तिला ते सापडलं: "अर्धं तिकीट हाय." म्हणजे न गेलं तर नुकसान. घरातल्या हिशोबी माणसापुढे याहून मोठं निमित्त ब्रह्मदेवालाही सुचलं नसतं. मोरगावची चतुर्थी, जेजुरीची सोमवती, शिखर शिंगणापूर. बस भरून जातात, आणि पंचाहत्तरीची आजी तर उतरायलाच तयार नसते.

जातीचंही बोललं पाहिजे. इरावती कर्वे वारीत चालल्या तेव्हा एकाच वाटेने, एकच अभंग म्हणत जाणाऱ्या दिंड्या जेवायला जातीजातीने वेगळ्या बसत होत्या, आणि याचं दुःख त्यांनी लिहून ठेवलं आहे. पंढरपूरचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावं लागलं. निमित्त माणसं गोळा करतं. गोळा झालेल्यांना एका पंगतीला बसवणं हे त्याच्याकडून आपोआप होत नाही, ते वेगळं करावं लागतं. आणि आजही एक पंगत बाहेरच आहे. दिवाळीच्या मागेपुढे बीड-नगरकडच्या ऊसतोड टोळ्या इथे येतात, उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोप्या घालतात आणि पाडव्याच्या सुमाराला परत जातात. सहा महिने ते या गावाचा ऊस तोडतात. गावच्या सप्ताहाची पत्रिका मात्र कोपीपर्यंत पोचत नाही, कारण वर्गणीच्या यादीत त्यांचं नाव नसतं. ज्या गावाला देहूहून आलेल्या हजारो अनोळखी माणसांना पिठलं वाढता येतं, त्याला मैलभरावरच्या कोपीतल्या चाळीस माणसांना काल्याच्या पंगतीला बोलावणं जड का जावं, याचं समाधानकारक उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

चौथा आक्षेप कानांचा आहे. डीजेच्या भिंतीपुढे उभं राहून कसलं स्वास्थ्य, असं विचारणाऱ्यांशी माझं भांडण नाही. छातीत धडधड होते ती भक्तीने की बासने हे कळत नसेल तर कार्यक्रम चुकलाय. तसंच 'भावीं'चं. निवडणूक जवळ आली की प्रत्येक चौकात एक भावी सदस्य फ्लेक्सवर हात जोडतो, आणि मग महिलांसाठी पैठणीचे खेळ, ज्येष्ठांसाठी देवदर्शनाच्या गाड्या अशी समाजस्वास्थ्याची एकच लाट येते. मतदान झालं की ती ओसरते, पुढच्या पाच वर्षांचं स्वास्थ्य ज्याने त्याने बघायचं. पण इथेही दोष निमित्ताचा नाही, ते कुणाच्या खिशातून येतं याचा आहे. वर्गणीच्या जत्रेत दहा रुपये दिलेला माणूससुद्धा "यंदा तमाशा पडेल आणला" असं कमिटीला सुनावू शकतो. भावींनी दिलेल्या फुकट गाडीत बसलेल्याला तेवढंही बोलता येत नाही. त्याला फोटोत हसावं लागतं.

आता खरी अडचण. कलेला आपण निमित्तं दिली, निसर्गाला द्यायची राहून गेली. १९८० साली पुरं झालेल्या उजनी धरणाचं पाणी इंदापूर तालुक्याच्या उत्तर अंगाला पसरलंय. भिगवणजवळ कुंभारगावच्या काठाला हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, चित्रबलाक तर शेजारीच असल्यासारखे. पुण्या-मुंबईची माणसं हे पाहायला मध्यरात्री उठून, बंदुकीएवढ्या लांब भिंगांचे कॅमेरे घेऊन येतात, आणि मासेमारी करणारे नावाडीच आता त्यांना पक्ष्यांची नावं सांगतात. भवानीनगरहून हे अंतर फार नाही. तरी ऊसपट्ट्यातले किती लोक मुद्दाम जाऊन आले? भिगवणला जातात ते मासळी खायला. रस्सा ओरपताना खिडकीतून गुलाबी थवा उडाला तर वेटरला विचारतात, "ते काय रे?" आणि उत्तर यायच्या आत आणखी एक भाकरी मागवतात. बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकारांसाठी राखलेलं जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. वनखात्याने त्याला चक्क मोरगावच्या देवाचं, मयूरेश्वराचं नाव दिलं. इतकी शहाणी युक्ती सरकारी कागदावर क्वचितच आढळते. तरीही मोरगावची दर्शनं उरकून गाड्या सरळ पुढे जातात, कारण त्या मयूरेश्वराला नारळ चढत नाही. इंदापूरच्या कडबनवाडीच्या माळावर लांडगा, खोकड, चिंकारा आहेत आणि वनखात्याने तिथे गवताळ माळाची सफारीही सुरू केली. पण माळ म्हणजे पडीक, आणि पडीक जमीन पैसे देऊन बघायची हे ज्याने बापजाद्यांपासून पडीक मोडून ऊस लावलाय त्याला कसं पटावं? त्या माळावर रोज हिंडणारा एकच वर्ग आहे, धनगरांचा, आणि त्यांनाही मेंढरांचं निमित्त आहे.

त्यामुळे जिल्ह्याच्या योजना करणाऱ्यांनी "निसर्गाकडे चला" असे फलक लावू नयेत. फलक लावले की लोक फलकापुढे फोटो काढतात. यात्रा कमिट्यांना आणि सप्ताहाच्या मंडळींना मात्र एक विनंती आहे. पळसदेवला पळसनाथाचं जुनं देऊळ उजनीच्या पाण्यात आहे. पाणी उतरलेल्या साली ते उघडं पडतं आणि तेव्हा बघायला झुंबड उडते, म्हणजे देवाला दर्शन द्यायला दुष्काळाची वाट बघावी लागते. तसं न करता महाशिवरात्रीलाच गावोगावच्या गाड्या काठावर न्याव्यात. बुडालेल्या महादेवाला काठावरून हात जोडायचे, उपवासाची खिचडी बरोबर असतेच, आणि तिथवर आलोच आहोत तर नावेत बसून यायचं. त्या सुमाराला रोहित पाण्यात असतात. पत्रिकेत पक्ष्यांचा उल्लेखही करू नये. "दर्शन व नौकाविहार" एवढं छापावं, खाली पंचांची नावं नेहमीप्रमाणे मानापमान सांभाळून घालावीत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून माणसं नेणं नियमात बसत नाही, पण एसटी करारावर गाडी देते. ऊसतोड टोळ्या तेव्हा इथेच असतात. एक दिवस कोयता ठेवायला मुकादमाने हरकत घेऊ नये म्हणून त्याचं नाव पत्रिकेत पहिल्या ओळीत टाकावं. शिवरात्रीचा उपवास असल्यामुळे भिगवणची मासळी त्या दिवशी खाता येणार नाही, ही एक त्रुटी या योजनेत आहे. त्यासाठी दुसऱ्या दिवशी जरा काम काढून पुन्हा जावं.